आई-बाबांना घेऊन तैवानमध्ये तैपेईहून डोंगरातल्या जिउफेन गावाला जायचंय, अर्धा दिवस पुरेल का? आणि पाऊस असला तर?

अर्धा दिवस पुरतो. पण अर्धाच दिवस देणार असाल तर गेला नाहीत तरी काही बिघडत नाही.

तुम्ही लिहिलंय की एजंटने येलिउ, शिफेन आणि जिउफेन एका दिवसात बसवून दिलंय. सगळेच तसं बसवून देतात. सकाळी येलिउचे समुद्रकाठचे दगड, दुपारी शिफेनला आकाशकंदील सोडायचा आणि चार-पाचच्या सुमारास जिउफेन, म्हणजे बाकीच्या सगळ्या टूरच्या बसही नेमक्या तेव्हाच तिथे पोचतात. जीशान स्ट्रीट ही एक अरुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूला दुकानं, वर पत्रे, आणि त्या वेळेला तिथे आपण चालत नाही, मागचे लोक आपल्याला पुढे ढकलतात. मग शूछी रोडच्या पायऱ्या, तीनशेहून जास्त आहेत, लाल कंदिलांचा तो फेमस फोटो तिथलाच, आणि तो काढायला प्रत्येक जण मध्येच थांबलेला. साठीच्या पुढच्या माणसांना असल्या गर्दीत ओल्या दगडी पायऱ्यांवरून उतरवायचं आणि वर म्हणायचं की तुम्हाला फिरवून आणलं, मला हे पटत नाही. आणि ज्या जपानी ॲनिमेशन पिक्चरचं (स्पिरिटेड अवे) गाव म्हणून लोक धावतात, त्याच्या दिग्दर्शकाने स्वतःच सांगितलंय की ते गाव हे नव्हे.

माझं म्हणणं, एक रात्र राहा. आणि जिउफेनला थांबण्याऐवजी त्याच बसने अजून दहा मिनिटं पुढे जिनग्वाशी या शेजारच्या खाणगावाला उतरा. तैपेईच्या झोंगश्याओ फूशिंगहून 1062 नंबरची बस थेट तिथपर्यंत जाते, नाहीतर ट्रेनने रुईफांग आणि तिथून वर जाणारी बस. जिउफेन संध्याकाळी टूरवाले गेल्यावर किंवा सकाळी दुकानं उघडायच्या आधी बघा. रिकाम्या गल्लीत फिरायला फार छान वाटतं, समोर समुद्र असतो आणि ढग खालून वर येत असतात.

ही दोन्ही गावं एकाच डोंगराच्या दोन बाजूंना आहेत आणि सोन्यामुळेच वसलेली आहेत, तरी एक इतकं गजबजलेलं आणि दुसरं इतकं शांत का, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. 1890 मध्ये रेल्वेच्या पुलाचं काम चालू असताना मजुरांना किलुंग नदीत सोन्याचे कण सापडले, ते शोधत शोधत लोक वर चढले आणि तीन वर्षांत जिउफेनला सोनं लागलं. मग 1895 ला जपानी आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी किलुंग डोंगरावरून एक रेष मारून खाणी वाटून टाकल्या, जिउफेनची बाजू फुजिता कंपनीला, जिनग्वाशीची तनाका कंपनीला. जिउफेनला पुढे ठेके आणि पोटठेके होत गेले, लहान लहान टोळ्या आपापल्या नशिबावर खोदायच्या, ज्याला लागलं तो रात्री पैसे उडवायला खाली बाजारात, म्हणून तिथे चहाघरं, थिएटर, सगळी गर्दी. जिनग्वाशी मात्र कंपनीचं गाव. एका मालकाची खाण, रांगेत क्वार्टर्स, साहेबांची घरं वेगळी. जिउफेनच्या खाणी 1971 ला बंद झाल्या आणि गाव ओस पडलं, मग 1989 मध्ये तिथे शूट झालेल्या एका तैवानी पिक्चरला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला आणि तिथे परत माणसं यायला लागली. जिनग्वाशीचं काम 1987 पर्यंत चाललं आणि त्यानंतर ते गाव तसंच शांत राहिलं.

आता मी एवढं का लिहितोय ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात आई-बाबा आहेत.

माझे बाबा चंद्रपूरकडे अंडरग्राउंड कोळसा खाणीत होते. आधी लोडर, मग परीक्षा देऊन मायनिंग सरदार, म्हणजे आत शिफ्टची सुरक्षा बघणारे झाले आणि त्याच्या वरचे ओव्हरमन म्हणून रिटायर झाले. मी तैवानमध्येच शिंचूला नोकरीला, आई-बाबा माझ्याकडे आले तेव्हा त्यांना जिनग्वाशीला घेऊन गेलो. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि दादाचा लगेच मेसेज, आयुष्यभर खदानीत गेलं त्यांचं, आता फॉरेनला नेऊन पण खदानच दाखवतो का, काहीतरी चांगलं दाखव ना. तेव्हापासून आम्ही दोघं भेटलो की हा विषय निघतोच. वहिनीनेही एकदा सगळ्यांसमोर ऐकवलं. त्यामुळे हे उत्तर थोडं त्यांच्यासाठीपण आहे असं समजा.

जिनग्वाशीला बेनशान पाचवा बोगदा म्हणून आहे, गोल्ड म्युझियमच्या आवारातच. म्युझियमचं तिकीट 80 तैवान डॉलर, बोगद्याचे वेगळे 50. आत जाताना हेल्मेट देतात. मी, आई आणि पुढचे दोन-तीन लोक त्या पट्ट्याशी खटपट करत होतो, बाबांनी एका हाताने घातलं, दुसऱ्या हाताने पट्टा लावला आणि निघालेपण. आत कामगारांचे पुतळे आहेत, ड्रिल मारणारे, गाडी ढकलणारे, आणि स्पीकरवर त्यांचं बोलणं चालू असतं. मी पुतळे बघत होतो. बाबा छत बघत होते. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी छत्रीच्या दांड्याने छताला टकटक केलं, मग दोन पावलं पुढे जाऊन परत, आणि मला म्हणाले, "ऐक. ठण्ण आवाज आला म्हणजे पक्कं. ढब आला म्हणजे आत पोकळ आहे, मंग तिथं मानूस उभा करायचा नाई, आधी सपोर्ट." शिफ्ट आत सोडायच्या आधी रोज हे करायचे ते. छत ठोकायचं, गॅस बघायचा, आणि मग बाकीचे आत. म्हणजे सगळ्यांच्या आधी हे एकटे. मी त्या घरात वाढलो, त्यांचा डबा भरलेला बघितला, कॅप लॅम्प माहीत, हाजिरी माहीत, नाइट शिफ्ट असली की दिवसभर घरात आवाज करायचा नाही हे माहीत, पण ते आत नक्की काय करायचे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण अंडरग्राउंडला घरच्यांना कोण नेतं? पाठीवरचे ओरखडे दिसायचे, काम कधी दिसलं नाही.

दादाला हेच कळत नाही. त्याच्या डोक्यात खाण म्हणजे नुसता त्रास, बाबांना त्यातून बाहेर काढलं की विषय संपला. त्रास होताच, नाही कोण म्हणतंय, पण त्या त्रासात त्यांना काहीतरी फार चांगलं येत होतं आणि त्या जोरावर त्यांच्या शिफ्टची माणसं घरी यायची. ते बघायची संधी आम्हा दोघा भावांना आयुष्यात एकदा मिळणार होती. मला मिळाली.

बोगद्याच्या बाहेर एक म्हातारे स्थानिक स्वयंसेवक बसले होते. बाबांना छत ठोकताना त्यांनी बघितलं असणार, कारण त्यांनी स्वतः उठून विचारलं की हे काय काम करायचे. माझं चिनी जेमतेम, बाकी फोनवरच्या ट्रान्सलेटरने निभावलं. त्यांचे वडील त्याच खाणीत होते. ते सांगताना त्यांनी छातीवर हात ठेवून खोकल्याची खूण केली आणि बाबांनी माझ्या फोनकडे बघितलंपण नाही, मान हलवली. सोन्याच्या खाणीत दगड फोडायचा, त्याची धूळ छातीत बसते, सिलिकोसिस, तिथल्या कितीतरी लोकांना तो झाला. मग दोघं बराच वेळ बोलत होते, हे वैदर्भी हिंदीत, ते त्यांच्या भाषेत, मधे मी पण नाही आणि फोन पण नाही.

तिथून खाली गोल्डन वॉटरफॉलला गेलो. पिवळ्याधमक दगडांवरून पाणी येतं, रस्त्याच्या कडेलाच आहे, चढायचं काही नाही. सगळे फोटो काढत होते आणि बाबा म्हणाले, हे तर खदानीचं पानी आहे, हात नको लावू. मी बोर्ड नंतर वाचला, तेच लिहिलं होतं. खाणीतल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजावरून पाणी गेलं की ते ॲसिडी होतं, त्यातलं लोह दगडांवर बसतं, आर्सेनिकसारखी जड मूलद्रव्यंपण असतात, म्हणून हात लावायचा नाही. तेच पाणी खाली समुद्राला मिळतं तिथे किनाऱ्यालगत पाणी पिवळं आणि पुढे निळं दिसतं, त्याला यिन-यांग समुद्र म्हणतात. शेजारी 1933 मध्ये बांधलेल्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत, डोंगरउतारावर तेरा मजली, आत सोडत नाहीत, रस्त्यावरून बघायचं. संध्याकाळी त्यावर दिवे लावतात. वरून खाली यायला 891 नंबरची बस आहे, फेऱ्या कमी, आधी वेळ बघून ठेवा.

आईचं पण सांगतो, नाहीतर वाटेल हे सगळं बाबांपुरतंच. आईला जपानी क्वार्टर्स आवडल्या. तिने कॉलनीत संसार केलाय, तिने लगेच विचारलं की पाणी कुठून भरायच्या या बायका. म्युझियमवाल्या बाईला उत्तर देताना बराच विचार करावा लागला. जवळच 1922 मध्ये जपानी युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सम्राट हिरोहितोसाठी, बांधलेला बंगला आहे, तो 1923 मध्ये तैवानला आला पण या बंगल्यात आलाच नाही. बाहेरून बघता येतो, बाग सुंदर आहे. आणि म्युझियममध्ये 220 किलोची सोन्याची वीट आहे, काचेच्या पेटीला भोक आहे, हात घालून स्पर्श करता येतो. आईने दोन्ही हात लावून बघितले.

युद्धकैद्यांचं स्मारकपण जरूर बघा, टूरमध्ये ते कधीच नसतं. सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी पकडलेले ब्रिटिश आणि कॉमनवेल्थचे सैनिक 1942 च्या नोव्हेंबरपासून इथल्या छावणीत होते, एकूण हजाराच्या वर, त्यांच्याकडून इथल्या तांब्याच्या खाणीत काम करून घ्यायचे. अर्धपोटी माणसं, आत भयंकर उष्णता. भिंतीवर नावं कोरलेली आहेत. बाबांनी चष्मा काढून, जवळ जाऊन खूप नावं वाचली. हे मी दादाला सांगितलं तर म्हणतो, बघ, डिप्रेसिंगच ना. मला ते डिप्रेसिंग वाटलं नाही. खाणीत मेलेल्या माणसांची नावं कोणीतरी लिहून ठेवलीत, हे बाबांना महत्त्वाचं वाटलं, रात्री आईला तेच सांगत होते.

पावसाचं. पाऊस असणारच, तो धरूनच जा. ईशान्येकडचा वारा थेट या डोंगरावर आदळतो, साधारण ऑक्टोबर ते मार्च तिथे भुरभुर चालूच असते, तैपेईत ऊन असलं तरी. तैपेईचं हवामान बघून निघू नका, रुईफांगचं बघा. वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोट घ्या आणि आई-बाबांना घसरणार नाहीत असे बूट. जिउफेनच्या जुन्या घरांवर डांबर मारलेली काळी छपरं दिसतील, ती या पावसामुळेच. धुक्यात समुद्र दिसणार नाही, गाव मात्र दिसतं, आणि गर्दी कमी असते. नोव्हेंबरमध्ये डोंगरावर पांढरं तुऱ्याचं गवत फुलतं, तेव्हा जमलं तर बघाच. वादळाचा इशारा असेल तर मात्र अजिबात जायचं नाही, जुलै ते सप्टेंबर जास्त भीती.

जेवणाचं, जिनग्वाशीला संध्याकाळनंतर फारसं काही उघडं नसतं. आम्ही जिउफेनहूनच घेऊन गेलो होतो. शाकाहारी असाल तर फोनमध्ये चिनीत लिहून ठेवा, तैवानमध्ये बौद्ध शाकाहारी बरेच आहेत, लोकांना कळतं. अरवीच्या गोळ्यांचं गोड सूप, युयुआन, जिउफेनला खायचंच. म्युझियमजवळ खाणकामगाराचा डबा मिळतो, पण त्यात पोर्क असतं.

आणि हे आधी लिहायला हवं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा पायऱ्या अजिबात जमत नसतील तर शूछी रोड सोडून द्या, बस जीशान स्ट्रीटच्या तोंडाशी थांबते, तिथून जेवढं जमेल तेवढं बघून परत. जिनग्वाशीलापण चढउतार आहे, फक्त गर्दी नसल्याने बसत बसत होतं. शनिवार-रविवार टाळा. दर महिन्याचा पहिला सोमवार म्युझियम बंद असतं, बोगदापण.

तुमचे बाबा काय करायचे ते तुम्ही लिहिलं नाही. खाण, रेल्वे, कारखाना, असल्या कुठल्या कामात असतील तर दुसरा सगळा दिवस जिनग्वाशीला द्या आणि येलिउचे दगड कॅन्सल करा.