जिनिव्हाचं कोर्ट बंद, म्हणून मुलीचा विषयही बंद?

“कन्या पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचं खूळ डोक्यात बसलंय. जिनिव्हाचं कोर्टच बंद पडलंय म्हणे. अमेरिका वाटेल तेवढं टॅरिफ लावते, कायद्याला विचारतो कोण? पदवी झाली की लगेच न्यायाधीशाची परीक्षा, असं आम्ही घरात ठरवलंय. तुम्ही तिला समजवा.”
– एक ऊस उत्पादक पालक, जि. सांगली

दोन पानी पत्रात तुमच्या मुलीचं नाव एकदाही नाही. सगळीकडे नुसतं ‘कन्या’. ‘घरात ठरवलंय’ म्हणता, त्या घरात ती धरली होती का? हा विषय तिला का आवडला, याबद्दल एक ओळ नाही. तिला समजवायचं काम मी घेणार नाही. समजून घ्यायचं तुमचंच राहिलंय.

परीक्षेचं थोडक्यात: सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली लागते. ‘पदवी झाली की लगेच’ हे जमणारच नाही.

आता जिनिव्हा. तुम्ही वाचलंत ते अर्धंच खरं आहे. जागतिक व्यापार संघटनेचं सात जणांचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. अपील ऐकायला तिघं लागतात आणि अमेरिकेने नेमणुकाच अडवून धरल्या. पण खालच्या पॅनेलचं, म्हणजे तक्रार आधी ऐकणाऱ्या मंडळाचं, काम चालू आहे, आणि त्यातला एक निकाल थेट तुमच्या बांधावरचा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेल म्हणालं, भारताने उसाला दिलेला आधार सलग पाच हंगाम मर्यादेबाहेर, म्हणजे उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे गेला. आधार म्हणजे तुमची एफआरपी, सरकारने बांधून दिलेला उसाचा किमान भाव! भारताचं म्हणणं, पैसे सरकार देत नाही, कारखाना देतो. (कधी देतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.) पॅनेलने ते मानलं नाही, भाव सरकार बांधून देतं, तेवढं त्यांना पुरलं. मग भारताने अपील केलं, त्याच ठप्प मंडळाकडे. ऐकायला कोणी नाही, म्हणून निकाल अधांतरी. पंच नसल्याचा फायदा यावेळी आपल्याला मिळाला, उद्या समोरच्याला मिळेल. ही खेळी कायदा कोळून प्यायलेल्यालाच सुचते.

तेव्हा कायदा मेलेला नाही, पांगलाय. युरोपीय महासंघ, चीन, ब्राझील यांनी अपिलाची आपसांत वेगळी सोय केली. भारत तिच्यात नाही. ब्रिटनशी आपला करार २०२५ मध्ये झाला, त्याचे नियम निराळे. युरोपचा आयात पोलाद-सिमेंटवरचा कार्बन आकार, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचं शुल्क, आणखी निराळा. पूर्वी एक पोथी होती, आता दहा झाल्या. वकिलांची गरज यानं कमी कशी होईल?

अडचण दुसरीकडे आहे. हे काम बहुतेक दिल्लीत चालतं आणि जम बसायला वेळ लागतो. शिवाय नुसती कलमं पाठ असून भागत नाही, आकडेमोड यावी लागते. साखरेचं अख्खं प्रकरण हिशेबावर उभं होतं. तिला आकड्यांचा कंटाळा असेल, तर मीच तिला हा रस्ता धरू नको म्हणेन. पण ते तिने सांगायला हवं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्याआधी ती सुट्टीला आली, की कारखान्याची गेल्या हंगामाची बिलं तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, तो १० टक्क्यांचा हिशेब मला समजावून सांग.