मनातले प्रश्न : डॉक्टरांचाही ताण

प्रश्न : चोपडा तालुक्यात मी वैद्यकीय अधिकारी आहे. सातपुड्यातील पाड्यावरून उशिरा आणलेला सर्पदंशाचा रुग्ण दगावला, की त्याच्या आईचा टाहो रात्रभर कानात घुमतो आणि घरी मी मुलांवर खेकसतो. हा माझा दुबळेपणा आहे का?

उत्तर : नाही. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, तेव्हा सारा दोष स्वतःकडे घेऊ नका. मृत्यूची बातमी सांगून लगेच ओपीडीत बसण्याऐवजी (आपल्याकडे यालाच खंबीरपणा म्हणतात!) सोबतच्या परिचारिकेशी त्या रुग्णाविषयी थोडे बोला. पंधरवड्यानंतरही झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा; ओळखीच्या गावात संकोच वाटत असल्यास टेली-मानसची १४४१६ ही मदतवाहिनी चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.