आई अंघोळीला नको म्हणते, म्हणून…

तुम्ही लिहिता: "आईला स्मृतिभ्रंश आहे, ती शुश्रूषा केंद्रात राहते. जन्मभर टापटीप राहिलेली आई आता केसांच्या जटा आणि वाढलेली नखं घेऊन समोर येते, अंगाला वास येतो. कर्मचारी म्हणतात, 'त्या अंघोळ करूच देत नाहीत, मारायला धावतात.' भांडू की गप्प बसू?"

ताई, गप्प तर बसूच नका. मात्र भांडण्याआधी विचारा, तिला अंघोळ घालतं कोण, कधी आणि कशी? या आजारात समोरचं माणूस आपले कपडे का काढतंय हेच कळेनासं होतं. त्यात थंडी वाजते आणि डोक्यावर पाणी पडलं की जीव घाबरतो. ती हात उगारते ते स्वतःला वाचवायला. तिला हट्टी ठरवून सोडून देणं मला मुळीच पटत नाही.

या वयात रोज डोक्यावरून अंघोळ लागतही नाही, त्वचा उलट कोरडी पडते. आठवड्यातून दोनदा पुरे. पण तोंड, हात, काखा, जांघा आणि गुप्तांग रोज स्वच्छ व्हायलाच हवेत. बाईनेच, खोली उबदार करून, आईला पलंगावरच चादरीखाली ठेवून कोमट ओल्या कपड्याने अंग पुसावं. लागेल तेवढाच भाग उघडा करायचा. सुरुवात पायांपासून, तोंड सगळ्यात शेवटी, केस वेगळ्या दिवशी. पुढे काय करणार ते आधी सांगायचं. गुप्तांग पुढून मागे पुसायचं, नाहीतर लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो. स्तनांखालची आणि जांघेतली त्वचा नीट कोरडी करायची. तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

तोंडाकडे सहसा कुणी बघत नाही, म्हणून तुम्ही बघा. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, साध्या पाण्यात ठेवतात का? अस्वच्छ तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. मधुमेह असेल तर पायाची नखं नर्सनेच कापावीत. भेटीला जाल तेव्हा माकडहाड आणि टाचा पाहा. दाबूनही न जाणारी लाली दिसली तर तिथे जखम व्हायला लागली आहे, त्याच दिवशी नर्सला दाखवा. आणि हे 'नको नको' अचानक सुरू झालं असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. कुठेतरी दुखत असेल आणि तिला सांगता येत नसेल.

आईच्या सवयी कागदावर लिहून द्या: अंघोळ सकाळी की संध्याकाळी, भांग कुठे, हनुवटीवरचे केस ठेवलेले चालायचे की नाही. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पुष्कळ बायकांना त्याची फार लाज वाटते आणि बोलून दाखवता येत नाही. हे सगळं तिच्या देखभालीच्या नोंदीत चढवायला सांगा. रोज काय केलं, कधी नकार मिळाला आणि पुन्हा कधी विचारलं, तेही लिहिलं जावं. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या आणि दुसरी जागा शोधायला लागा.