स्वस्तातला घराचा विमा घ्यावा का?

प्रश्न: औशात आमचं स्लॅबचं घर आहे, एजंट लई स्वस्तात विमा देतो म्हणतोय. घ्यावा का?

उत्तर: भाऊ, हप्ता नंतर बघा, आधी विमा रक्कम, म्हणजे नुकसान झालं तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, ती किती लावलीय ते बघा, स्वस्ताईची गोम बहुतेक तिथंच असते. जागेची किंमत धरायची नाही, पण आजच्या सिमेंट-सळईच्या भावात अन् मिस्त्रीच्या मजुरीत तेवढंच घर परत बांधायला जो खर्च येईल तो पूर्ण पाहिजे. 2021 पासूनच्या भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत आग, पूर, वीज पडणं अन् भूकंप धरलेला असतो. दुसरी कुठली पॉलिसी दाखवली तर भूकंपाचं आधी विचारा, 1993 चं किल्लारी आपल्याला वेगळं सांगायला नको. साधी घरफोडी मात्र भारत गृह रक्षा पॉलिसीत नसते, ते कव्हर वेगळं घ्यावं लागतं.