बदकासाठी काडतूस घेताना
अमेरिकेत बदकाच्या शिकारीला जायलास म्हणून सांगतो, आपल्या बेळगावकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद हाय आणि ते बरंच झालं. तिकडं १९९१ पासून बदकावर शिशाचे छर्रे चालत नाहीत, चिखलातले छर्रे खड्यांबरोबर गिळून पाखरं विषबाधेनं मरायची. म्हणून स्टील घे, पण ते हलकं असतंय, शिशाच्या ४ नंबरच्या छर्र्याचं काम करायला स्टीलचा २ नंबर लागतोय बघ (नंबर लहान तेवढा छर्रा मोठा). १२ बोअरच्या (नळीच्या मापाच्या) बंदुकीला तीन इंची काडतूस घेणार असशील तर आधी नळीवर चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, किती इंच लिहिलंय ते वाच, पावणेतीनच्या चेंबरात तीन इंची अजिबात घालायची नाही. स्टीलसाठी फुल चोक (नळीच्या तोंडाला लावायची, छर्रे आवळून धरणारी नळी) काढून कमी आवळणारा मॉडिफाइड लाव, आणि ४० यार्डावर कागद लावून पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, बघितल्याशिवाय पाखरावर बार काढू नको की.