कॉर्ड चार्ट, नोटेशन आणि तुझी खुर्ची

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. गिटारवर हात चांगला बसला आहे, ऐकलेली चाल लगेच वाजवता येते, मग रेकॉर्डिंगच्या कामासाठी नोटेशन शिकलेच पाहिजे का, असे तू विचारतोस. कॉर्ड चार्ट, म्हणजे कोणता कॉर्ड कधी वाजवायचा हे सांगणारा कागद, वाचता आलाच पाहिजे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत, किती यावे, हे मात्र स्टुडिओत तू कोणत्या खुर्चीवर बसणार यावर ठरते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक एवढ्या संख्येने आले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याचे गज एकाच वेळी फिरायचे असतील, तर प्रत्येकाला पीस गाऊन दाखवायला अरेंजरला, म्हणजे वाद्यमेळ लिहून देणाऱ्याला, सवड नसते. ढोलक-तबल्याचे काम मात्र त्याच स्टुडिओत बोल आणि ठेका लक्षात ठेवून चाले. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये १९६० च्या दशकात ग्लेन कॅम्पबेल स्टाफ नोटेशन न वाचता असंख्य रेकॉर्डिंगमध्ये गिटार वाजवत होता. अर्थात त्याच्यासारखा कान असल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये.

गिटारवाल्यापुढे येणाऱ्या कागदावर बहुधा प्रत्येक बारात (तालाच्या एका मापात) तिरप्या रेघा, वर कॉर्डची नावे आणि मध्येच पूर्ण लिहिलेले चार-सहा बार असतात. कॉर्ड तुला येतीलच. नवशिका अडखळतो तो पुनरावृत्तीच्या खुणांपाशी, कारण दुसऱ्या फेरीत कुठून उडी मारून कोडाला, म्हणजे शेवटच्या भागाला, जायचे हे त्याने आधी पाहून ठेवलेले नसते, आणि त्याच्यामुळे सगळ्यांचा टेक वाया जातो.

दुसरी अडचण पट्टीची. चार्ट पांढरी दोनमध्ये (डी) लिहिलेला असतो आणि गायिका ऐनवेळी पांढरी एक (सी) मागते. मग डी, बी मायनर, जी, ए यांच्या जागी सी, ए मायनर, एफ, जी वाजवावे लागतात. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये वादक कॉर्डच्या नावाऐवजी तो पट्टीतल्या कितव्या सुरावरचा आहे ते सांगणारे एक, सहा मायनर, चार, पाच असे आकडे लिहितात, त्यामुळे पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. ही पद्धत तू आधी शीक, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे सरगमची सवय असलेल्याला ती परकी वाटत नाही.

रोज एक अनोळखी चार्ट घे, आधी डोळ्यांनी शेवटपर्यंत वाच, मग मेट्रोनोम लावून न थांबता वाजव. चुकलास तरी मागे जाऊ नकोस, पुढचा बार पकड. महिनाभराने मला कळव, म्हणजे स्टाफ नोटेशन कुठून सुरू करायचे ते लिहीन.

तुझा,
एक जुना वादक