न्यू मेक्सिकोत सप्टेंबरमध्ये आठवडाभर गाडीने फिरायचंय. संस्कृती आणि निसर्ग दोन्ही कसं साधावं?

अल्बुकर्कीला उतरून गाडी घ्या आणि थेट सांता फे गाठा. शहर सुमारे 7,000 फुटांवर आहे, पहिला दिवस दमानं घ्या. पुढे ताओसला चिमायोवरून जाणाऱ्या डोंगरातल्या ‘हाय रोड’नेच जा, वाटेत मातीच्या भिंतींची जुनी चर्च लागतात. ताओस पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीत आजही माणसं राहतात, त्यामुळे त्यांचे फोटो विचारूनच काढा. धार्मिक विधींसाठी ती अधूनमधून बंद असते, आधी चौकशी करा.

शेवटचे दोन दिवस दक्षिणेतल्या व्हाइट सँड्ससाठी राखाच! तिथली जिप्समची पांढरी वाळू उन्हातही पायाला पोळत नाही, संध्याकाळी टेकड्यांवर अनवाणी चाला. शेजारी क्षेपणास्त्र चाचण्या असल्या की रस्ता काही तास बंद ठेवतात, वेळापत्रक पाहून निघा. आणि हो, ताज्या भाजलेल्या हिरव्या मिरचीचा हंगाम आहे, सोडू नका.